पाव खाल्ल्याने वजन वाढते का?

आरोग्य शिबिर असो, युवक मंडळाची बैठक असो, की विहारात वंदना झाल्यावरच्या गप्पा असोत, अंबाडी परिसरातील तरुण आम्हाला हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. कारण त्याच पावाने एकाचे पोट सुटते आणि त्याच पावावर दिवस काढणारी एखादी मुलगी मात्र हडकुळी, अशक्त राहते. हे दोन्ही कसे घडते ते समजून घेतले, तर पाव किती खायचा आणि कशाबरोबर खायचा, हे प्रत्येकाला स्वतःच ठरवता येईल.

भिवंडी-वाडा रस्ता आणि वज्रेश्वरीकडे जाणारा रस्ता जिथे मिळतात, तो अंबाडी नाका. गोदामात, कंपनीत, बांधकामावर जाणारी आपली मुले-मुली सकाळी घरातली चूल पेटण्याआधीच बाहेर पडतात. नाक्यावर गरम वडापाव, मिसळपाव, चहा-खारी तयार असते. पंधरा-वीस रुपयांत हातात येते आणि पाच मिनिटांत संपते. घरची तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकटीची चटणी दुपारच्या डब्यापुरती उरली, तीही डबा नेला तरच. ही कुणाची चैन नाही. वेळ, मजुरी आणि अंतर यांचा तो हिशेब आहे. म्हणून पावावर बोलताना तरुणांच्या जिभेला दोष देऊन चालणार नाही.

पावात असते काय?

लादीपाव म्हणजे मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडी साखर आणि थोडे तेल किंवा वनस्पती तूप. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की उरतो तो मैदा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ, म्हणजे चोथा असतो. तेवढ्याच मैद्यात तो तीन ग्रॅमही भरत नाही. नाचणी आणि बाजरीतही तो ११ ग्रॅमच्या आसपास असतो.

१०० ग्रॅम पांढऱ्या पावातून साधारण २५० ते २८० कॅलरी मिळतात. एक लादीपाव ४० ग्रॅमचा धरला तर तो १०० ते ११० कॅलरीचा झाला. तीस ग्रॅम पिठाची एक चपातीही साधारण तेवढ्याच कॅलरीची असते. ६० ग्रॅम पिठाची तांदळाची भाकरी तर २०० कॅलरींच्या पुढे जाते. म्हणजे नुसत्या आकड्यांवर पाहिले तर एक पाव एका भाकरीपेक्षा हलकाच ठरतो. "पाव खाल्ला म्हणून जाडी वाढली" हे विधान इथेच अर्धे गळून पडते.

मग उरलेले अर्धे कुठे आहे?

न मोजलेले जेवण

वडापावाचा हिशेब करू. पावाच्या १०० ते ११०, बेसनात बुडवून तेलात तळलेल्या वड्याच्या साधारण १५० ते १८०. एक वडापाव ३०० कॅलरींच्या जवळ जातो. दोन वडापाव आणि दोन चमचे साखरेचा एक चहा म्हणजे ६०० च्या आसपास. दोन भाकऱ्या, आमटी आणि भाजी असे घरचे जेवणही जवळपास एवढेच भरते. म्हणजे दोन वडापाव हे एक पूर्ण जेवण झाले. पण आपण त्याला जेवण म्हणत नाही, नाश्ता म्हणतो. जेवण त्यानंतर वेगळे होते. वजन वाढते ते या न मोजलेल्या जेवणामुळे.

न मोजलेले का राहते, याचे कारण पावाच्या मऊपणात आहे. मैद्याचे कण बारीक, त्यात चोथा नाही, पाव फुललेला आणि हवेने भरलेला. त्याला फारसे चावावे लागत नाही. तो लवकर गिळला जातो, लवकर पचतो, रक्तातील साखर लवकर वाढवतो आणि पोट भरल्याची जाणीव लवकर ओसरते. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात १९९५ साली सुझान होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींएवढाच दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेले वाटते ते नोंदवले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा अख्ख्या गव्हाच्या पावाला १५७ आणि उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले. लोणी घालून केलेल्या मऊ क्रॉसाँला फक्त ४७. कॅलरी सारख्याच, पण पोटाला मिळालेले समाधान वेगवेगळे. वडापावातला बटाटा खरे तर पोटभरीचा आहे, पण त्याला बेसनाचे आवरण आणि तेल लागले की हिशेब बदलतो.

अमेरिकेत २०१९ साली केविन हॉल यांच्या गटाने २० जणांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रिया केलेले अन्न दिले आणि दोन आठवडे साधे, घरच्यासारखे अन्न दिले. दोन्ही वेळा हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तयार अन्नाच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, अधिक वेगाने खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. नाक्यावरच्या बेकरीचा पाव आणि कारखान्यातले पाकीटबंद अन्न एकच नव्हे. पण मऊ अन्न भराभर खाल्ले जाते आणि जास्त खाल्ले जाते, हा धडा दोन्हीला लागू पडतो.

याच हॉल यांनी २०११ साली वजनवाढीचे एक गणित मांडले होते. रोज सुमारे २४ कॅलरी कायमच्या वाढल्या तर माणसाचे वजन अखेरीस साधारण एक किलोने वाढते. त्यातली निम्मी वाढ पहिल्या वर्षात होते आणि जवळजवळ सगळी तीन वर्षांत. या अंदाजाने गरजेपेक्षा रोज एकच पाव जादा खाल्ला, तर तीन वर्षांत साधारण साडेचार किलो वजन वाढू शकते. गोदामात ओझी उचलणाऱ्याच्या अंगात तो पाव जिरून जाईल. तोच तरुण पुढे सुपरवायझर झाला, खुर्चीवर बसला, मोटारसायकलवर ये-जा करू लागला आणि पाव मात्र तेवढेच राहिले, की पोट दिसू लागते.

स्पेनमध्ये ९ हजारांहून अधिक पदवीधरांवर सुमारे पाच वर्षे लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासात, रोज दोन किंवा अधिक वेळा पांढरा पाव खाणाऱ्यांमध्ये वजन अतिरिक्त होण्याची शक्यता आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळली. अख्ख्या धान्याच्या पावाबाबत तसे दिसले नाही. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

टोस्ट, खारी आणि ब्राउन ब्रेड

तीन गैरसमज आम्ही वारंवार ऐकतो.

पहिला, टोस्ट हलका असतो. पाव भाजल्याने त्यातले पाणी उडते, कॅलरी उडत नाहीत. बेकरीचा कडक टोस्ट तर साखर घालून दोनदा भाजलेला असतो. १०० ग्रॅमला तो ४०० कॅलरींच्या आसपास जातो.

दुसरा, चहा-खारी म्हणजे काही खाल्लेच नाही. खारीचे पदर सुटतात ते वनस्पती तुपामुळे. एका ग्रॅम पिठाच्या ४ कॅलरी, तर एका ग्रॅम तुपाच्या ९. वजनाला हलकी लागणारी खारी कॅलरीच्या हिशेबात पावापेक्षा बरीच जड असते.

तिसरा, ब्राउन ब्रेड म्हणजे आरोग्य. रंग साखरेच्या काकवीचाही असू शकतो. पाकिटावर घटकांची यादी असते आणि जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले छापावे लागते. पहिले नाव मैद्याचे असेल तर तो रंगवलेला पांढरा पावच समजा.

बारीक दिसतो, पण आहे का?

इथपर्यंत वाचून सडपातळ तरुण निश्चिंत होतील. त्यांच्यासाठी पुण्यातल्या एका संशोधनाची गोष्ट सांगायला हवी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अर्धपोटी आईच्या पोटातच बाळाचे शरीर चरबी राखून ठेवायला शिकते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

२००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला दोघे सारखेच होते.

आपल्या वस्त्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. ज्यांच्या आज्यांनी आणि आयांनी पिढ्यान्‌पिढ्या उपास सोसले, दुष्काळ सोसला, दुसऱ्याच्या शेतावर राबून अर्धपोटी बाळंतपणे केली, त्यांच्या नातवंडांच्या हाती आता मैदा, साखर आणि तेल स्वस्तात आले आहे. शरीर टंचाईला सरावलेले आणि नाक्यावर मात्र कॅलरींची रेलचेल. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा कमी ठेवली आहे : २३ पासून वजन जादा आणि २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याला जास्त खरे सांगते.

त्याच पावावर अशक्तपणा

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन जादा आढळले आणि १८.७ टक्के स्त्रियांचे गरजेपेक्षा कमी. १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. जाडी आणि उपासमार एकाच देशात, एकाच वस्तीत, कधी एकाच घरात नांदतात.

सकाळी चहा-पाव, दुपारी वडापाव आणि रात्री उशिरा घासभर भात एवढ्यावर दिवस काढणाऱ्या मुलीचे वजन वाढणार नाही. एका पावातून जेमतेम तीन-चार ग्रॅम प्रथिने मिळतात. तिची भूक तेवढ्यापुरती भागते, पण रक्त, हाडे आणि स्नायू यांना लागणारे साहित्य येत नाही. तिला "पाव सोड, जाडी होशील" असे सांगणे म्हणजे चुकीच्या रोगावर औषध देणे. तिने पावाबरोबर अंडे, उसळ, शेंगदाणे, मासळी, पालेभाजी वाढवली पाहिजे.

लंडनमध्ये शिकताना बाबासाहेबांनी अशाच तुटपुंज्या नाश्त्यावर दिवस काढून अभ्यास केला, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. त्या जिद्दीला आपण वंदन करतो. पण अर्धे पोट हा आपल्या मुलांसाठी आदर्श नाही. ती वेळ पुन्हा कुणावर येऊ नये, यासाठीच तर तो सारा खटाटोप होता.

पाव 'बाटवतो' का?

पावाविरुद्ध बोलणाऱ्या काहींचा रोख आरोग्याकडे नसतोच. पाव पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, असे आजही ऐकू येते. हे खरे नाही. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, तिथे त्या शब्दाचा अर्थच ब्रेड असा आहे. पोर्तुगीज गोव्यात होते, तसेच आपल्या शेजारच्या वसईत १५३४ ते १७३९ या काळात होते. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा या पट्ट्यात सांगितल्या जातात. पाव कुणी मळला, कुणाच्या भट्टीत भाजला, यावर माणसाची जात राहणार की जाणार हे ठरत होते.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे सुरू केलेल्या परमहंस सभेत दाखल होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जात मोडल्याची ती खूण होती. भिवंडीतल्या बेकरीत कोण राबतो, यावरून पावाला नाके मुरडणारी मंडळी आजही त्याच जुन्या विटाळाची भाषा बोलत असतात. पाव कमी खायचा असेल तर तो मैद्यामुळे, तेलामुळे आणि प्रमाणामुळे. बेकरीवाल्याच्या धर्मामुळे नव्हे.

प्रमाण

संयुत्त निकायात कोसल देशाचा राजा प्रसेनजित याची गोष्ट येते. तो एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खाई. असाच भरल्या पोटी धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला भात सोडायला सांगितले नाही, भात वाईट असेही म्हटले नाही. जेवणात प्रमाण ओळखण्याचा उपदेश एका गाथेतून केला. राजाने ती गाथा सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले.

या गोष्टीत आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. राजाने एका दिवसात काही सोडले नाही, हळूहळू कमी केले. आणि त्याने ते एकट्याच्या निश्चयावर सोडले नाही. जेवताना आठवण करून देणारा एक जण सोबत ठेवला. पालीत याला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात, म्हणजे आहारातले प्रमाण जाणणे.

आता काय करायचे?

आपापल्या ताटासाठी :

१. वडापाव खाल्ला तर ते जेवण धरा. दोन खाल्ले तर पुढच्या जेवणात भात-भाकरी तेवढी कमी घ्या.

२. पाव नुसता किंवा चहात बुडवून खाण्यापेक्षा मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडे, डाळ यांच्याबरोबर खा. मिसळीत तेलाचा कट कमी, मटकी जास्त, आणि पाव एक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच असावा. पाव, भात, भाकरी, चपाती सगळे त्यातच मोडते.

३. सावकाश खा. उभ्या उभ्या, मोबाईलवर बोलत खाल्लेला पाव पोटाला कळत नाही.

४. चहातली साखर मोजा. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे सुमारे २०० कॅलरी. हे दोन पावांएवढे झाले.

५. वजन कमी असेल, रक्त कमी असेल, दिवस गेले असतील किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल, तर स्वतःच्या मनाने पाव-भाकरी तोडू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

कार्यकर्त्यांसाठी :

आपल्या कार्यक्रमांत नाश्ता म्हणजे वडापाव किंवा पावभाजी हे ठरूनच गेले आहे. स्वस्त पडते, वाटायला सोपे जाते, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि वर्षावासातील कार्यक्रम यांपैकी निदान एका कार्यक्रमात बदल करून पाहा. उसळ आणि एक पाव, उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, केळी. भाकऱ्यांचे काम गावातल्या महिला बचत गटाला दिले तर पैसा गावातच राहील.

दुसरे, मंडळात एक टेप ठेवा आणि वर्षातून दोनदा सर्वांची कंबर मोजा. तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. आशा ताई त्यासाठी जो अर्ज भरून घेतात, त्यातही कंबरेचे माप विचारलेले असते. वस्तीतील तिशी ओलांडलेल्यांची यादी करून त्यांना तपासणीपर्यंत नेणे हे युवक मंडळ सहज करू शकते.

तिसरे, मुळाशी हात घाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद आणली. गोदामांत कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या मुलांना जेवायला सावली, बसायला जागा आणि पुरेशी सुट्टी मिळते का, ही विचारणा आपल्या संघटनांनी केली पाहिजे. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत डबा उघडून भाकरी खाता येत नाही, वडापावच खाता येतो. ती सुट्टी अर्ध्या तासाची झाली, तर कितीतरी डबे पुन्हा घरातून निघतील.